भिंतीवरचे राजे आणि उसने पिवळेपण

लातूरच्या एखाद्या भिंतीवर राष्ट्रकूट राजा रंगवावयाचा झाल्यास त्याला कोणता पोशाख घालावा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण शाळांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर इतिहासपुरुष रंगवून घेण्याची हौस वाढल्यापासून तो टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. सामान्यतः उत्तर ठरलेले असते : अंगरखा, मंदिल, कमरेला तलवार, आणि वर तपकिरी रंगाचा हात फिरवून मुद्दाम पाडलेल्या भेगा. चित्र जुनाट दिसले म्हणजे ते ऐतिहासिक झाले, अशी समजूत.

राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे अनेक अभ्यासक मानतात. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीत कोरले गेले. तेथील मूर्तींची वस्त्रे, मुकुट, अलंकार डोळ्यांसमोर आहेत; अंगरखा औषधालाही नाही. नांदेडची गोष्ट निराळी. वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम ताम्रपटातील ‘नंदिकड’ म्हणजे नांदेड होय. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीच लेणी सजली. तेव्हा नांदेडच्या चित्रकाराने अजिंठ्याकडे पाहिले तर ती उसनवारी नव्हे.

मात्र पाहावे ते नीट. अजिंठ्याचा म्हणून जो पिवळसर काळपटपणा आज हौसेने रंगविला जातो, तो पुष्कळसा वाकाटकांचा नाहीच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात तेथील चित्रांच्या नकला केल्या. त्या वेळी मूळ चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढविले गेले. पुढे 1920 ते 1922 मध्ये निजाम सरकारने आणलेल्या चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. हे थर कालांतराने पिवळे पडले. पुरातत्त्व खात्याने ते जेथे काढले, तेथे खालचे रंग, अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाच्या निळ्यासह, पुन्हा दिसू लागले. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ज्यांच्यासाठी रोगण लावले त्या गेल्या, रोगण भिंतीवर राहिले. आणि आता त्या रोगणाचीच नक्कल!

दोष एकट्या चित्रकाराचा म्हणता येत नाही. मजुरी चौरस फुटावर ठरते. वेरूळला जाऊन दोन दिवस मूर्ती न्याहाळण्याचा खर्च अंदाजपत्रकात कोठेच नसतो. तपकिरी रंगाचा डबा त्याहून कितीतरी स्वस्त. भिंत रंगवून घेणाऱ्या समितीने अंदाजपत्रकात प्रवासखर्च आणि दोन दिवसांची मजुरी एवढी एक बाब वाढविली, तरी लातूरच्या राजाचा अंगरखा उतरेल.