उपदेश आमच्या वस्तीला, विमान त्यांच्या अंगणात

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात पर्यावरणावर एक व्याख्यान झाले. रविवार होता. धुणीभांडी आटोपून बाया आल्या होत्या, पोरे पुढे सतरंजीवर बसली होती. एका संस्थेच्या बाई बोलायला आल्या होत्या आणि त्या बोलल्याही चांगले. पाणी जपून वापरा, वीज वाचवा, कचऱ्यात प्लॅस्टिक जाळू नका, पोरांच्या छातीत धूर जातो. सगळे खरेच होते. तास-सव्वा तास त्या बोलत होत्या आणि तेवढा वेळ गल्लीच्या तोंडाशी त्यांची मोटार घुरघुरत उभी होती. आतला गारवा जाऊ नये म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केले नव्हते.

शेवटी "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे म्हटल्यावर मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "ताई, तुमच्याकडं नळाला पाणी किती वेळ असतं?"

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "चोवीस तास."

आमच्याकडे तेव्हा पहाटे पाऊण तास येत असे. आजी पुढे काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि चहा होताच सभा पांगली.

त्या बाई खोटे बोलल्या होत्या का? एक शब्दही नाही. मग त्यांचे बोलणे वाया का गेले?

वाचकहो, हा प्रश्न आपल्या वस्तीपुरता नाही. तो फार मोठमोठ्या माणसांना विचारला गेला आहे. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचेच पाहा. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने पृथ्वी तापत चालली आहे, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगत ते देशोदेशी फिरले. त्यांच्या या व्याख्यानांवर निघालेल्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' या माहितीपटाला फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्कर मिळाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेनेसी राज्यातील एका संस्थेने त्यांचे लाईट बिल जगापुढे मांडले. नॅशव्हिलमधील त्यांच्या घरात २००६ या एका वर्षात सुमारे २ लाख २१ हजार युनिट वीज वापरली गेली होती. सरासरी अमेरिकन घराला तेव्हा वर्षाला साडेदहा हजारांच्या आसपास युनिट लागत. म्हणजे वीसपट झाले.

हा आकडा आपल्या घरच्या बिलाशेजारी ठेवून पाहा. महावितरणच्या बिलात पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो. त्या टप्प्यात राहण्यासाठी घरातली बाई काय काय करते, हे तिलाच विचारा. महिन्याला शंभर युनिट धरले तर वर्षाचे बाराशे होतात. या हिशेबाने गोरसाहेबांच्या एका घराच्या विजेत आपली एकशे चौऱ्याऐंशी घरे वर्षभर चालली असती. बीडीडी चाळीच्या जुन्या इमारतीत ८० खोल्या असत. अशा दोन इमारती भरून वर चोवीस बिऱ्हाडे उरली!

गोर यांची बाजूही सांगितली पाहिजे. घरातूनच त्यांचे आणि पत्नीचे काम चाले. जास्त पैसे मोजून ते वारा-उन्हापासून तयार होणारी वीज विकत घेत. पुढे त्याच वर्षी त्यांनी छपरावर सौरऊर्जेचे पत्रे बसवले. जमिनीखालच्या स्थिर तापमानावर घर उबदार-गार ठेवणारी यंत्रणाही घातली. आणि २००७ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिकही त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाबरोबर विभागून मिळाले.

दुसरी गोष्ट. ज्या संस्थेने बिल बाहेर काढले, तिला गरिबांचा कळवळा आला होता असे मुळीच नाही. सरकारने उद्योगांवर बंधने घालू नयेत, बाजाराला मोकळे सोडावे, अशा मताची ती मंडळी. गोर ढोंगी ठरले की पृथ्वी तापते हेही खोटे ठरले, असे लोकांनी मानावे, हा त्यातला डाव. आपण त्या डावात फसता कामा नये. दारू वाईट असे दारुड्याने सांगितले म्हणून दारू चांगली ठरत नाही. ऊन वाढले की पत्र्याच्या खोलीत काय होते, हे आपल्याला कोणा अमेरिकन नेत्याने सांगावे लागत नाही. बिगाऱ्याला, हमालाला, रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याला ते अंगावर कळते.

पण म्हणून गोर यांना सोडून द्यावे का? अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानाचा अभ्यासक वीज वाचवा असा सल्ला देतो, पण त्याच्या स्वतःच्या घरात मात्र भरमसाट वीज जळते, असे लोकांना सांगितले तर काय होते? लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो, आणि सल्ला पाळण्याची इच्छाही कमी होते. हे त्या आजींनी कोणत्याही विद्यापीठाशिवाय दाखवून दिले होते. असो.

विमानाची गोष्ट तर याहून पुढची आहे. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी हवामानाच्या संकटावर २०२१ मध्ये एक पुस्तक लिहिले. मोठी घरे आणि खासगी विमाने बाळगणाऱ्या आपल्यासारख्याने हे सांगणे शोभत नाही, याची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. कबुली दिली हे बरे झाले. पण स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे स्टेफान गोसलिंग यांनी २०१७ या एका वर्षाचा हिशेब केला तेव्हा गेट्स यांच्या ५९ उड्डाणांतून १,६०० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असावा, असे निघाले. आपल्या देशातल्या सरासरी माणसाच्या वाट्याला वर्षाला दोन टनांच्या आसपास येतो. त्यातही आपल्यासारख्या घरांचा वाटा सरासरीच्या खालीच. म्हणजे एका माणसाचा विमानप्रवास आणि आठशे माणसांचे वर्षभराचे स्वयंपाकपाणी, दिवाबत्ती, येणे-जाणे, सगळे एका पारड्यात.

यावर या मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते: आम्ही भरपाई करतो. इंग्रजीत त्याला ऑफसेट म्हणतात. आपण धूर सोडायचा आणि तेवढाच धूर दुसऱ्या कोणीतरी कमी करावा म्हणून पैसे द्यायचे. कुठे झाडे लावायची, कुठे गरीब बायकांना कमी धुराच्या चुली वाटायच्या. म्हणजे पंचपक्वान्नांचे जेवण यांनी करायचे आणि उपासाला गडी बसवायचा! चुली वाटण्याला माझा विरोध नाही. धुराने डोळे गेलेल्या आपल्या आज्या आपण पाहिल्या आहेत, चांगली चूल मिळाली तर हवीच आहे. पण हिशेब तरी खरा असावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०२४ मध्ये जगभरातल्या अशा चुलींच्या योजना तपासल्या. जेवढा धूर कमी झाल्याचे दाखवून पैसे घेतले गेले, त्यातला सरासरी नवव्या हिश्शाएवढाच खरा होता. विमान मात्र पूर्ण उडाले.

मग विमान सोडायचेच म्हटले तर? स्वीडनची ग्रेटा थनबर्ग ही मुलगी १६ वर्षांची असताना, ऑगस्ट २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या सभेला विमानाने न जाता शिडाच्या बोटीने गेली. इंग्लंडच्या प्लिमथपासून दोन आठवडे समुद्रात. बोटीवर ना न्हाणीघर, ना संडास, बादलीवर भागवले. पोरीच्या धीराचे कौतुकच आहे. पण ती शर्यतीची महागडी बोट परत आणायला काही खलाशी विमानाने न्यूयॉर्कला जाणार, असे बोटवाल्यांकडूनच सांगण्यात आले, आणि टीकाकारांना आयतेच कोलीत मिळाले. गांधीजींना गरिबीत ठेवायला फार पैसा लागतो, अशी थट्टा सरोजिनी नायडू करीत असे सांगतात, त्याची इथे आठवण येते. साधेपणाचा देखावा महाग पडू शकतो. मला यापेक्षा मँचेस्टर विद्यापीठाचे केव्हिन अँडरसन बरे वाटतात. हवामानाचे हे प्राध्यापक. २००४ साली त्यांनी विमानप्रवास सोडला, आणि पुढे चीनमध्ये शांघायच्या परिषदेचे बोलावणे आले तेव्हा ते रेल्वेने गेले. वेळ लागला, लागू दिला.

कोणी म्हणेल, एका माणसाने विमान सोडल्याने काय होणार? कायदे बदलले पाहिजेत, कारखाने आणि वीजकेंद्रे बदलली पाहिजेत. बरोबर आहे. एकट्यादुकट्याच्या त्यागाने पृथ्वी थंड होणार नाही. पण कायदे बदलतात तेव्हा ते आधी कोणाच्या दारात येतात, हे आपण पाहिलेले आहे. आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथे आहे.

बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान घ्या. ते जंगल राहिले पाहिजे, यात वाद नाही. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव त्याच्या पोटात आहेत. शहरातल्या सुशिक्षित पर्यावरणप्रेमींच्या एका संस्थेने १९९५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली आणि ७ मे १९९७ रोजी अतिक्रमणे हटवण्याचा आदेश झाला. हजारो झोपड्यांवर बुलडोझर चालला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असेल त्याचेच पुनर्वसन, आणि त्यासाठीही ७ हजार रुपये भरा. धुणीभांडी करणारीने, बिगाऱ्याने ते सात हजार कुठून आणायचे? कागद पावसात भिजलेले, रेशनकार्ड गावच्या पत्त्यावरचे. ज्यांची नोंद झाली त्यांतल्या अनेकांना चांदिवलीच्या घरांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. आणि त्याच उद्यानाच्या कडेने उंच इमारती उभ्या राहिल्या. खिडकीतून जंगल दिसते, म्हणून तिथल्या फ्लॅटचा भाव वाढला.

प्लॅस्टिकबंदीचेही तेच. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड. नाल्यात अडकलेल्या पिशव्यांनी २००५ च्या जुलैमध्ये मुंबई कशी तुंबली हे आपण भोगले आहे, तेव्हा बंदी हवीच होती. पण भाजीच्या टोपलीमागे बसलेल्या बाईची दिवसाची कमाई किती आणि दंड किती? वेफर-बिस्किटांच्या बंद पाकिटांना मात्र मुभा राहिली.

ऑक्सफॅम या संस्थेने २०२० मध्ये १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांचा जगाचा हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त, ५२ टक्के कार्बन जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांचा होता. खालच्या निम्म्या जगाचा मिळून ७ टक्के. मग पोट आवळा हे कोणी कोणाला सांगायचे?

म्हणून मला वाटते, श्रीमंत पर्यावरणवाद्याने आपल्या बोलण्याप्रमाणे जगलेच पाहिजे. त्याने साधू व्हावे असे नव्हे. वीजकेंद्र बदला म्हणून भांडणाऱ्याच्या घरी फ्रीज असला तर माझे काही म्हणणे नाही. पण दुसऱ्याने जे सोडावे असे तो म्हणतो, ते त्याने आधी सोडावे. झोपडी हलवा म्हणणाऱ्याने आधी जंगलाकाठचा आपला फ्लॅट पाहावा. पाणी वाचवा म्हणणाऱ्या बाईंनी चोवीस तासांच्या नळाबद्दल आधी पालिकेत जाऊन बोलावे, मग समाजमंदिरात यावे. आमच्या आजी त्यांचे नक्की ऐकतील.

आणि आपल्यातही हा निसर्ग जपणारे लोक आहेत, फक्त त्यांना कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. बहुतेक सगळ्या दलित समाजातल्या. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, आणि २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. कागद, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे काढून त्या पुन्हा कारखान्याकडे पाठवतात. नाहीतर ते सगळे कचरा डेपोत जाऊन कुजले असते किंवा जळाले असते. हे काम त्या हाताने करतात. काचा लागतात, सुया लागतात. आणि सोसायटीतली शिकली-सवरलेली घरेसुद्धा सॅनिटरी नॅपकिन आणि बाळांचे डायपर ओल्या-सुक्या कचऱ्यात तसेच टाकून देतात, तेही यांनाच हाताने वेगळे करावे लागते. ते निदान जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर एक लाल ठिपका काढून द्या, एवढेच या बायांनी लोकांकडे मागितले. पर्यावरणदिनी ज्या सोसायट्यांत झाडे लावली जातात, तिथे किती पुडक्यांवर तो ठिपका असतो, हे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना एकदा विचारून पाहा.