बाजारात नसलेला फोन

एक कोडं सोडवा पाहू! एक फोन अजून कुठल्याही दुकानात आलेला नाही. तरीही त्या फोनवर चालणारे खेळ लिहून, तपासून तयार होतायत. हे कसं शक्य आहे?

पण असं खरंच घडलं. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी प्रोग्राम लिहिण्याची साधनं सर्वांना खुली केली. अँड्रॉइडचा पहिला फोन मात्र अमेरिकेत विक्रीला आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये! मग मधले अकरा महिने लोकांनी आपले प्रोग्राम तपासले कशावर? एम्युलेटरवर!

एम्युलेटर म्हणजे फोनची नक्कल करणारा प्रोग्राम. संगणकाच्या पडद्यावर एक फोन दिसतो आणि माउसने त्याची बटणं दाबायची. ते नुसतं चित्र नसतं बरं का! त्याच्या आत खरीखुरी अँड्रॉइड प्रणाली चालू असते. नाटकाआधी जशी तालीम, तशी ही प्रोग्रामची तालीम. चुका व्हायच्या त्या इथेच होऊ द्याव्यात.

हा फोन तुम्हालाही बनवता येईल. ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. काही जीबी उतरवावे लागतात, म्हणून आई-बाबांना विचारूनच सुरुवात करा. संगणकाची मेमरी १६ जीबी असेल तर काम सुरळीत चालतं. त्यातल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये फोनचं मॉडेल निवडा, मग अँड्रॉइडची आवृत्ती निवडा आणि त्रिकोणाचं बटण दाबा. झाला फोन सुरू! तो फारच रखडत असेल, तर संगणकात ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोय बंद असू शकते. ती जाणकाराकडून चालू करून घ्या.

आता खरी गंमत. समजा, तुम्ही पाढ्यांचा खेळ लिहिलाय. ७० गुण झाले आणि एम्युलेटरच्या बाजूचं बटण दाबून तुम्ही फोन आडवा केला. अरेच्चा, गुण शून्य!

चोर पकडायचा कसा? जी ओळ पडद्यावर गुण दाखवते, तिच्या शेजारी क्लिक करा. तिथे लाल ठिपका उमटेल. याला म्हणतात ब्रेकपॉइंट. आता ‘डीबग’चं बटण दाबून खेळ चालवा. प्रोग्राम त्या ओळीवर येऊन थबकतो आणि गुणांचा आकडा दाखवतो. आडवा करण्याआधी ७०, नंतर ०! कारण फोन आडवा होताच अँड्रॉइड जुना पडदा मोडून नवा मांडतं. जपून न ठेवलेले गुण त्यात जातात. म्हणून पडदा मोडण्यापूर्वी ते साठवून ठेवायचे.

ही चूक तालमीत सापडली म्हणून बरं. नाही तर कुणा मुलाने मेहनतीने मिळवलेले ७० गुण क्षणात पुसले गेले असते. त्याला कारण कळलं नसतं. त्याने हिरमुसून खेळच बंद केला असता.

एम्युलेटरमध्ये तुम्ही बॅटरी ५ टक्क्यांवर आणू शकता, इंटरनेट मंद करू शकता, घरबसल्या फोनला रायगडावरही नेऊ शकता! पण उन्हात पडदा नीट दिसतो का, छोट्या हाताचा अंगठा बटणापर्यंत पोचतो का, हे तो सांगणार नाही. त्यासाठी शेवटी खरा फोन हवाच.

करून पाहा: खेळ रंगात आला असताना एम्युलेटरवर एक खोटा कॉल आणा. कॉल संपल्यावर तुमचे गुण जागेवर आहेत का?