राउटरच्या पाठीवरचं स्टिकर

सकाळी ७.३०

आज गुरुवार. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना आज सुट्टी. एरवी शिफ्टला गेलेला माणूस आज घरी असतो आणि घरी असला की नेट लावून बसतो. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. वीज गेली, आली, पुन्हा गेली की एखादा राउटर अडकून बसतो. मी इंटरनेट पुरवणाऱ्या एका स्थानिक केबलवाल्याकडे फिल्डचं काम करतो. आमच्याकडे कॉलची यादी सगळ्यात लांब असते ती गुरुवारी.

पहिला फोन चहाच्या आधीच येतो. "दादा, नेट बंद आहे."

"डबीवर लाल लाइट लागलाय का?"

या एका प्रश्नावर माझे पुढचे दोन तास ठरतात. लाल लाइट लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. कुठंतरी जेसीबीनं वायर ओढली असेल, नाहीतर उंदरानं कुरतडली असेल. तिथं सेटिंग उघडून उपयोग नाही, स्प्लायसिंग मशीन घेऊनच जावं लागतं. लाल नाही, 'पॉन'चा हिरवा लाइट स्थिर आहे, फोनवर वायफायची खूणही पूर्ण आहे, तरी पान उघडत नाही, असं असेल तर भानगड सेटिंगची किंवा रिचार्जची. "रिचार्ज कधी संपतोय?" असं विचारलं की बरेच फोन तिथंच मिटतात.

फोन ठेवण्याआधी एक गोष्ट मात्र प्रत्येकाला बजावतो. बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा, पण मागचं बारीक भोक टाचणीनं दाबू नका. बंद-चालू केल्यानं राउटर ताजातवाना होतो. टाचणी दहाएक सेकंद दाबून धरली की त्याची पाटी कोरी होते. वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो आणि आम्ही आत भरलेलं जोडणीचं युजरनेमही जातं. मग चांगलं चालणारं नेट सुरू करायला माणूस पाठवावा लागतो.

सकाळी ९.१५, इंद्रायणीनगर

काकूंचं नेट 'लई स्लो' झालंय. बघतो तर राउटर गोदरेजच्या लोखंडी कपाटाच्या मागे, वर प्लास्टिकच्या फुलांची परडी. "तिथं वाईट दिसत होता, म्हणून मागं सरकवला." लोखंडातून वायफाय जात नाही. राउटर कपाटामागून हॉलच्या भिंतीवर आला तेव्हाच निम्मं काम झालं.

उरलेल्या कामासाठी मी तो उलटा करतो. पाठीवर तळहाताएवढं स्टिकर असतं. मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता, मग वायफायचं नाव आणि पासवर्ड. त्याखाली आणखी एक ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही: आयपी पत्ता १९२.१६८.१.१, युजरनेम, आणि दुसराच एक पासवर्ड. पहिला पासवर्ड नेट वापरायचा, दुसरा राउटर चालवायचा. पहिला अख्ख्या मजल्याला पाठ असतो. दुसरा घरात कुणालाच माहीत नसतो, तो वायर टाकून गेलेल्या पोराला माहीत असतो. माझं निम्मं फिरणं या दुसऱ्या ओळीपायी आहे.

"काकू, तुमचाच फोन घ्या. मोबाइल डेटा बंद करा, वायफाय राहू द्या." डेटा चालू असला तर फोन कधी कधी बाहेरच्या वाटेनं जातो आणि राउटरचं पान उघडतच नाही. पत्ता टाकायचा तो वरच्या पट्टीत, गूगलच्या चौकटीत नाही. काकूंनी शेवटच्या एकाऐवजी इंग्रजी 'एल' टाकला. तो पुसून एक टाकल्यावर पान आलं.

"हा नंबर तर बेंगळुरूच्या मुलाकडंही आहे!" काकू म्हणाल्या. बरोबर आहे. घरातल्या आणि ऑफिसातल्या जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले आहेत. १९९६ सालच्या एका नियमपत्रात तसं ठरलं. १९२.१६८ नं सुरू होणारा पट्टा त्यातलाच. हा पत्ता भिंतीच्या आतच चालतो, त्यामुळे लाखो घरांत एकच असला तरी टक्कर होत नाही. काही कंपन्या १९२.१६८.०.१ देतात, काही १९२.१६८.१००.१. म्हणून पत्ता पाठ करू नये, स्टिकर बघावं.

आत 'जोडलेली उपकरणं' अशी यादी असते. घरात माणसं तीन आणि यादी लांबलचक. काकूंनी एकेक नाव ओळखायला घेतलं. हा टीव्ही, हा यांचा फोन, हा माझा जुना. उरलेले कुणाचे? "वरच्या मजल्यावरच्या पोरांना परीक्षेपुरता दिला होता." पासवर्ड बदलला की यादीतले सगळे एका दमात बाहेर पडतात आणि ज्यांना नवा सांगाल तेवढेच आत येतात. नवा पासवर्ड काकूंनी स्वतः टाकला, गॅसच्या कार्डावर लिहूनही ठेवला.

सकाळी ११.००, भोसरी एमआयडीसी, एस ब्लॉक

गुरुवारी मशीन बंद असतात, म्हणून जॉबवर्कवाले शेठ नेटची कामं आजच उरकतात. एरवी टेम्पो गेटवर उभा असतो, ई-वे बिल निघत नाही आणि सगळे राउटरकडे बघत राहतात.

इथली भानगड कॅमेऱ्यांची. शेठना घरबसल्या शॉप बघायचं होतं, म्हणून कॅमेरे बसवणाऱ्यानं राउटरमधून डीव्हीआरपर्यंत सरळ दार उघडून दिलं. आम्ही त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतो. डीव्हीआरचा पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तसाच. शेठ म्हणाले, "आमच्याकडं काय आहे बघण्यासारखं? दोन लेथ आणि एक सीएनसी."

त्यांना २०१६ सालचं मिराई प्रकरण सांगितलं. त्या प्रोग्रामकडं साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, बहुतेक कंपनीनं दिलेल्या आणि मालकानं न बदललेल्या. तेवढ्यावर त्यानं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून एका अमेरिकन कंपनीवर इतका मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास लंगड्या झाल्या. कुणाला कुणाच्या लेथमध्ये रस नव्हता. त्यांना दुसऱ्यावर मारा करायला फुकटचे हात हवे होते.

शेठनी मान हलवली. डीव्हीआरचा पासवर्ड बदलला, उघडं दार बंद केलं, कॅमेरे कंपनीच्या ॲपवरून बघायचं ठरलं. राउटरमध्ये 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय चालू केलं. येणारे-जाणारे ड्रायव्हर, सप्लायर त्याच्यावर, बिलाचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे आतल्या जाळ्यावर.

दुपारी १.००

मोशीत वडापाव, मग पुणे-नाशिक रस्ता. इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा. आज कंपन्यांच्या बसेस कमी, तरी कंटेनरची रांग आहेच.

दुपारी २.३०, नाणेकरवाडी, चाकण

जिथं कांदा-बटाटा पिकायचा तिथं आता रूम उभ्या आहेत. एका खोलीत बीडची, लातूरची, बुलढाण्याची पोरं. कुणी आयटीआय करून ट्रेनी, कुणी कंत्राटावर. एक फर्स्ट शिफ्टला गेला की थर्ड शिफ्टवाला त्याच गादीवर पडतो. रूममालकांनी खालच्या मजल्यावर एक जोडणी घेतली आहे आणि भाड्याबरोबर वायफायचे वेगळे पैसे लावलेत.

"दोघं पैसे देत नाहीत, त्यांचे फोन ब्लॉक करून द्या."

राउटरमध्ये तशी सोय असते. यादीतला मॅक पत्ता निवडायचा आणि रोखायचा. पण २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा पत्ता न देता एक बनावट पत्ता देतात. पुढच्या वर्षी आयफोननंही तेच सुरू केलं. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण इथं होतं असं, की पोरगा फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन बनावटऐवजी खरा पत्ता निवडतो आणि आमच्या डोळ्यादेखत पुन्हा आत येतो. मालकांपुढं करून दाखवलं, तेव्हा पटलं.

मग दुसरी गोष्ट सांगितली, तिच्यानं ते जास्त गंभीर झाले. जोडणी त्यांच्या नावावर आहे. या नेटवरून कुणी काही उद्योग केला तर चौकशी आधी त्यांच्या दारात येणार, कुठल्या खोलीतून झालं हे राउटर सांगणार नाही. भाडेकरूंना वायफाय विकायचंच असेल तर त्याची सरळ वाट आहे. केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. पूर्वीच्या पीसीओसारखं आता दुकानदाराला 'पब्लिक डेटा ऑफिस' चालवता येतं. त्याला परवाना लागत नाही, आणि नेट वापरणारा आपली ओळख पटवूनच आत येतो. "मग हिशोब पण आपोआप राहील," मालक म्हणाले. तूर्तास पासवर्ड बदलून घेतला.

दुपारी ४.००

जिना उतरताना वरच्या खोलीतला एक जण थांबवतो. "दादा, मालकाचं नको. माझ्या हॉटस्पॉटचं बघा ना. लॅपटॉपला दिसतच नाही."

हॉटस्पॉटला स्टिकर नसतं. सगळं फोनच्या सेटिंगमध्येच असतं आणि त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. याच्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता. लॅपटॉप जुना, त्याला फक्त २.४ कळतं. बँड बदलला, लगेच दिसला. आयफोनमध्ये हेच काम 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाच्या बटणावर असतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. "दिवसाचा दोन जीबी डेटा दुपारीच संपतो." लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफायच वाटतं, म्हणून तो मागच्या मागं विंडोजचे अपडेट ओढत बसतो. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ते जाळं 'मीटर्ड' केलं. फोनवर हॉटस्पॉटची डेटा मर्यादा लावली आणि कुणी जोडलेलं नसलं की आपोआप बंद होण्याची सोय चालू केली. पासवर्ड होता त्याचाच मोबाइल नंबर. तोही बदलायला लावला, कारण तो नंबर लाइनवरच्या सगळ्यांकडं आहे.

संध्याकाळी ६.१५, मोशी

प्राधिकरणाच्या बाजूला नव्या सोसायट्या झाल्यात. तिथल्या एका साहेबांच्या हॉलमध्ये उभं राहून फोनवर वायफायची यादी काढली तर बोट सरकवत राहावं, इतकी नावं. वर, खाली, शेजारी, समोर. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात अख्खी बिल्डिंग कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे. आपल्याकडं २०१८ साली सरकारनं त्यातला मोठा पट्टा विनापरवाना खुला केला. मात्र ही लहर भिंतीत लवकर दमते. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, आतल्या खोलीतले फोन २.४ वर, चॅनेल ११, असं बसवून दिलं.

साहेबांना मुलाचं रात्रीचं नेट बंद करायचं होतं. मुलगा नववीत, बाजूलाच उभा. राउटरमध्ये वेळापत्रक लावता येतं. रात्री दहा ते सकाळी सहा त्याच्या टॅबला नेट नाही. मुलगा माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, ॲडमिनचा पासवर्ड 'ॲडमिन'च आहे ना अजून?" साहेबांनी आधी पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तो पासवर्ड तिथल्या तिथं बदलला, पोराला गॅलरीत पाठवून.

त्याच पानावर 'डब्ल्यूपीएस' चालू होतं, तेही बंद केलं. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ती सोय. ही पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. तरी जुन्या राउटरमध्ये ते सुरूच असतं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ ठेवला. डब्ल्यूपीए-३ त्याहून पक्का, पण त्यांचा प्रिंटर त्याला ओळखेना.

रात्री ८.३०, ऑफिस

दिवसाचे कॉल बंद करताना आमच्या मालकांशी नेहमीचा वाद होतो. त्यांचं म्हणणं, ग्राहकाला आतलं पान दाखवलं की तो नको तिथं बोट लावतो, मग आपलीच गाडी पळते. यात तथ्य आहे. जोडणीचं युजरनेम असलेलं पान कुणी पुसलं की घर अंधारात. पण बहुतेक डब्यांमध्ये दोन लॉगिन असतात. एक आमचं, सगळं उघडणारं. दुसरं ग्राहकाचं, ज्यात वायफायचं नाव, पासवर्ड, जोडलेले फोन आणि वेळापत्रक एवढंच दिसतं. हे दुसरं लॉगिन पहिल्याच दिवशी घरात कुणाला तरी शिकवून यावं, एवढंच माझं मागणं. मालक अजून हो म्हणत नाहीत. मीही विचारत बसत नाही.

आज जिथं जिथं पासवर्ड बदलला, तिथं तो मी टाकला नाही, घरच्या माणसाकडून टाकून घेतला. काकूंना वेळ लागला, शेठनी दोनदा चुकीचा टाकला, रूममालकांनी मुलीला हाक मारली. मी टाकला असता तर प्रत्येक घरी पाच मिनिटं वाचली असती. पण महिन्याभरानं शेजारच्या पोरांना पुन्हा पासवर्ड कळला असता आणि त्या पाच मिनिटांच्या कामासाठी मला पुन्हा चाकणपर्यंत गाडी मारावी लागली असती.