मराठी चित्रपटाचा ‘प्राइम टाइम’ दुपारी १२ वाजता कसा सुरू झाला?

नवा मराठी चित्रपट लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘शो आहेत, पण वेळा अडनिड्या.’ ही तक्रार समजून घ्यायची तर २०१५ मधला वाद आठवावा लागेल.

नेमकं काय घडलं?
एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणं बंधनकारक करण्याची घोषणा केली. वेळ होती संध्याकाळी ६ ते ९. लेखिका शोभा डे यांनी ट्विटरवरून टीका केली. शिवसैनिक वडापाव घेऊन त्यांच्या घरासमोर धडकले. विधिमंडळाची हक्कभंगाची नोटीसही निघाली. तिला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

मग बदललं काय?
या गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला. मल्टिप्लेक्सचालकांच्या विरोधानंतर प्राइम टाइमची वेळ झाली दुपारी १२ ते रात्री ९. म्हणजे दुपारी साडेबाराचा शोही ‘प्राइम टाइम’!

प्रेक्षकाला काय फरक पडतो?
डोंबिवलीहून लोकल पकडून ऑफिस गाठणारा माणूस मंगळवारी दुपारी थिएटरात कसा जाणार? खुर्च्या रिकाम्या राहतात. मग ‘प्रेक्षकच नाहीत’ म्हणत पुढच्या आठवड्यात शो कमी होतात. मित्राने ‘बघच’ म्हणून सांगितलेला चित्रपट आपल्याला सवड मिळेपर्यंत उतरलेला असतो.

त्यामुळे मराठी चित्रपटाला स्क्रीन मिळाली, ही अर्धीच बातमी. शो कितीचा मिळाला, हेही विचारायला हवं.