घरकुल गळते, मग गप्प का राहायचे?

गावकुसाबाहेरच्या वस्तीत घरावर कौले घालणे हासुद्धा एके काळी गुन्हा मानला जाई. गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या अशा नियमांची यादीच बाबासाहेबांनी इंग्रजीतून लिहून ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात ती वाचायला मिळते. स्वच्छ कपडे, सोन्याचांदीचे दागिने आणि कौलारू छप्पर, या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांना वर्ज्य होत्या.

आज त्याच वस्तीत सिमेंटची घरे उभी राहत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु अनेक कुटुंबांचे समाधान पहिल्या पावसाळ्यातच विरते. स्लॅब ठिबकू लागतो, खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तडकते, गिलावा हात लावताच भुसभुशीत होऊन पडतो. माउली बिचारी रात्रभर पातेली मांडत बसते आणि तक्रार करायला गेले की उत्तर मिळते, "सरकारनं फुकट घर दिलं, आणखी काय पाहिजे?" दुःख असे की आपल्यापैकी काहींना हे उत्तर पटते.

बंधू-भगिनींनो, हे उत्तर पटवून घेऊ नका. घरकुल हा कोणाचा उपकार नाही. काडेपेटी आणि साबण विकत घेणारा शेतमजूरही कर भरतो आणि त्याच तिजोरीतून हा पैसा येतो. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली, १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ने घेतली. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास योजना आहे. परळच्या चाळीत काटकसरीने संसार करणाऱ्या रमाईला राजगृहात फार वर्षे राहता आले नाही, २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्या माउलीच्या नावाचे घर गळत असेल, तर गप्प बसणे हा तिचा मान राखणे नव्हे.

आपल्या जिल्ह्याची माती आणि पाणी

तक्रार करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ओळखता आले पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आपण सारे जाणतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, काळी चिकण माती खोलवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच वरवर घेतला तर ती घराला वर्षातून दोनदा हलवते. पाया खाली मुरमापर्यंत गेला पाहिजे, निदान माती हलत नाही इतक्या खोलीपर्यंत तरी, आणि जोत्याला सळईचा पट्टा म्हणजे प्लिंथ बीम पाहिजे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारी भेग बहुधा पायाचे दुखणे सांगते.

दुसरे दुखणे पाण्याचे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून खारपाणपट्टा जातो. जे पाणी पिववत नाही तेच बांधकामात ओतले जाते. मग जोत्याजवळ पांढरा लोणा फुटतो आणि आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे ढपले पाडते. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक सांगते. स्लॅबखाली तांबूस ओघळ दिसले तर सळई गंजू लागली असे समजावे.

तिसरे दुखणे घाईचे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. आज सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, आणि आपल्याकडच्या वैशाखात त्याहूनही अधिक. ज्याला ठोक रक्कम घेऊन पुढच्या घरावर जायचे असते, तो ही तराई करीत नाही.

मात्र प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा पुष्कळदा वरवरच्याच असतात. खात्री करायची तर भेगेवर काचेची लहान पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पुढे काच तडकली तर भेग वाढते आहे आणि अभियंत्याला बोलावलेच पाहिजे.

घर कोणी बांधले, यावर तक्रारीची वाट ठरते

पहिला प्रकार, आपण स्वतः मिस्त्री लावून बांधलेले घर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमाप्रमाणे लाभार्थ्याने स्वतःच घर बांधायचे असते, कंत्राटदार नेमता येत नाही. येथे चोख कामाची पहिली जबाबदारी आपलीच. म्हणून पुढचा हप्ता उचलण्याआधी पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला पाया आणि जोते दाखवावे. पाया बुजवल्यावर तो कोणालाच दिसत नाही.

दुसरा प्रकार, सर्वांत अधिक फसवणुकीचा. "तुम्हाला काय समजते, आम्ही बांधून देतो," असे म्हणत कोणी तरी ओळीने दहा-वीस घरकुले हाती घेतो, बँकेतून पैसे काढून घेतो आणि सगळी घरे एका साच्यातून काढतो. हे नियमाविरुद्ध आहे. याची लेखी तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे करावी आणि प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावी. तक्रारीचा निपटारा १५ दिवसांत व्हावा असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याच सूचनांनुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून निदान एकदा सामाजिक अंकेक्षण व्हावयास हवे. त्या सभेत आपल्या भगिनींनी उभे राहून बोलावे.

शिवाय, ठोक पैसे घेऊन घर बांधणारा हा कायद्याच्या भाषेत सेवा देणारा ठरतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या सेवेच्या व्याख्येत १९९३ पासून घरबांधणी आली आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लावण्याची सक्ती नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही. परंतु तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. रोजमजुरीवर लावलेल्या मिस्त्रीला मात्र ही वाट लागू होत नाही.

तिसरा प्रकार, पैसे भरून विकत घेतलेले घर किंवा फ्लॅट. खामगाव, मलकापूर, बुलढाणा येथे नोकरी करणारी आपली अनेक कुटुंबे कर्ज काढून अशी घरे घेतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष आढळला, तर बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. घर सरकारी गृहनिर्माण संस्थेकडून घेतले असेल तरी दबून जाऊ नये. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी स्पष्ट केले की अशा संस्थाही ग्राहकाला जबाबदार आहेत आणि छळाची भरपाई दोषी अधिकाऱ्याच्या खिशातूनही वसूल होऊ शकते.

कागद बोलला पाहिजे

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. अर्जात घराचा मंजुरी क्रमांक, हप्त्यांच्या तारखा, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि आपली मागणी या चार गोष्टी असाव्यात. "काम निकृष्ट आहे" एवढे लिहून भागत नाही. "स्वयंपाकघराच्या पूर्व भिंतीत, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत भेग, आत नाणे जाते" असे लिहावे. फोटो जोडावेत, पोच घ्यावी आणि बँकेचे पासबुक कोणाच्याही हाती देऊ नये.

कार्यालय दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. घरकुलाचे टप्प्याटप्प्याचे फोटो संगणकावर नोंदलेले असतात, ते मागावेत. आपले जोते नसताना जोत्याचा हप्ता निघाला असेल तर तेथेच उघडे पडते. समाजमंदिर किंवा वस्तीतील रस्ता अशा सार्वजनिक कामांत तर या कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. यानंतरही प्रश्न सुटला नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

एकट्याचे नव्हे, वस्तीचे काम

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी सुरू झाली. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतील बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. अभियंता काय सांगतो ते त्यांनी घरोघर समजावले आणि घरमालकांच्या अडचणी कार्यालयापर्यंत नेल्या. शिक्षण कमी असलेल्या बायकांनीही बांधकामाची भाषा शिकून घेतली. त्या मराठवाड्यातील भगिनींना जे जमले ते आपल्या महिला मंडळांना का जमू नये?

दर पौर्णिमेला विहारात आपण जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास घरकुलांसाठी ठेवावा. कोणाचा पाया चालू आहे, कोणाचा स्लॅब पडायचा आहे याची यादी करावी. शिकलेल्या मुला-मुलींनी अर्ज लिहून द्यावेत. दहा घरांचे दोष सारखे असतील तर दहा अर्ज एकाच दिवशी, एकत्र जाऊन द्यावेत. एकट्या विधवेला जे कार्यालय बसवून ठेवते तेच दहा जणींना खुर्ची देते.

तथागतांनी कोणतीही गोष्ट पारखून घ्यायला शिकवले. धम्म पारखून घेणाऱ्या समाजाने आपल्या डोक्यावरचा स्लॅब न पारखता का घ्यावा? कौल घालण्याचा हक्क मिळवायला आपल्या किती पिढ्या खपल्या. ते छप्पर गळणार नाही, हे पाहण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!