आजोबांचे प्यादे

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या शाळांच्या मैदानांत चिखल होतो आणि बुद्धिबळाचे पट बाहेर निघतात. अशाच एका शाळेत आम्ही मुलांचे डाव पाहत होतो. एका मुलीने पहिल्याच खेळीला राजासमोरचे प्यादे एकच घर सरकवले आणि पुढे राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायला लावली. बाकीची ओरडली, "हे चालत नाही!" ती म्हणाली, "आमचे आजोबा असंच खेळतात, सर."

आजोबा चुकत नव्हते. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे साधारणपणे एकच घर चाले, किल्लेकोट नसे, आणि राजाला एकदा घोड्याची चाल घेता येई. (गावोगावी थोडाफार फरक असेच.) तेव्हा तो डाव बाद ठरवण्याआधी थोडे मोजून पाहू.

रिकाम्या पटावर एकेक सोंगटी ठेवून ती किती घरांत जाऊ शकते ते मुलांना मोजू द्यावे. हत्ती कोपऱ्यात 14, मध्यावरही 14. मुलांना हे पटत नाही. पुन्हा मोजू द्यावे. उंट कडेला 7, मध्यावर 13. घोडा कोपऱ्यात 2, मध्यावर 8, म्हणजे चौपट! घोडे-उंट आधी काढावेत हा नियम मुले पाठ करतात. त्याचे कारण या आकड्यांत आहे. हत्तीला मध्यावर येऊन जास्त काही मिळत नाही. त्याला मोकळी उभी पट्टी हवी, आणि ती प्यादी मारली गेल्यावरच मिळते.

आता प्यादे. राजासमोरचे प्यादे एक घर सरकवा किंवा दोन, उंटाला 5 आणि वजिराला 4 घरे मोकळी होतातच. फरक पुढे आहे. दोन घरे गेलेले प्यादे प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीतल्या दोन घरांवर मारा करते, एक घर गेलेले आपल्याच हद्दीतल्या. म्हणून जुन्या पद्धतीत सैन्ये उशिरा भिडत. घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून तिथे उंट बसवायला सवड मिळे, आणि तिथून तो पटाच्या लांब कर्णावर नजर ठेवी.

1850च्या दशकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेनशी युरोपीय नियमांनी खेळत, पण त्यांची मांडणी पुष्कळदा हीच असे. मध्य शत्रूला देऊन टाकल्यासारखा वाटणारा हा बचाव विसाव्या शतकात 'किंग्ज इंडियन' नावाने जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी उचलला.

वर्गात दोन्ही नियमांनी काही डाव खेळवावेत आणि पहिली सोंगटी कितव्या खेळीला मारली गेली ते फळ्यावर लिहावे. नियम समजावून द्यायला त्या आजोबांनाच बोलावता आले तर फारच छान.