पेरण्याआधी बियाणं तपासतो, तसं ऑनलाइन शिक्षणही तपासूया



सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने कोंब मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तरच ते बियाणं रानात जातं. दुकानातली पिशवी असेल तर लेबल आणि पावती जपून ठेवतो. पण पोरीला ऑनलाइन पदवीला घालताना आपण लेबल वाचत नाही. आज त्याविषयी बोलू.

आमच्या सोनाळ्यातल्या एका ताईने मुलीच्या बी.ए.साठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. प्रवेश करून देणारा माणूस म्हणाला होता, "घरबसल्या पदवी, परीक्षेची चिंता नाही." पैसे रोख दिले, पावती साध्या कागदावर. वर्ष झालं तरी पुस्तक नाही, हॉल तिकीट नाही, आणि त्याच्या दुकानाला कुलूप. ताईने कापूस वेचून हप्ते फेडले. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या बाई, पण पोरीचं गेलेलं वर्स कुठून आणू मी?"

चूक तिची एकटीची नव्हती. शेळीसाठी कर्ज मागितलं की आम्ही विम्याची चौकशी करतो. या वेळी आम्ही विद्यापीठाचं नावसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही माहिती गोळा केली, ती तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पदवीची. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी देण्याची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी देतं. त्यासाठी आयोगाचा दूरस्थ शिक्षण ब्यूरो आहे, त्याला 'डेब' म्हणतात. कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या सत्रात, कोणत्या शिक्षणक्रमाला परवानगी आहे, याची यादी डेबच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका, आपला शिक्षणक्रम आणि आपलं सत्रही त्यात आहे का ते पाहा. परवानगी असलेली पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची असते, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "ऑनलाइन पदवीला किंमत नाही" हेही खरं नाही.

२०२० च्या नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. विद्यापीठाला आपलं दूरस्थ शिक्षण खाजगी क्लासवाल्याला चालवायला देता येत नाही. आणि नर्सिंग, वैद्यकीय, फार्मसी, कायदा यांसारख्या पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. "घरबसल्या नर्सिंगची पदवी" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. २०२४ पासून अशा पदवीच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डेब आयडी लागतो. प्रवेश करून देणारा या आयडीबद्दल काहीच बोलत नसेल, तर शंका घ्या.

आपल्या महाराष्ट्रात यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते सुरू झालं, प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं काम अमरावती विभागीय केंद्राकडे आहे. प्रवेशाची चौकशी तिथे किंवा मान्यताप्राप्त अभ्यासकेंद्रावरच करा.

दुसरी गोष्ट पाठांची. इंटरनेटवर फुकट पाठ भरपूर आहेत. पण फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणजे ज्याची प्रत काढायला, भाषांतर करायला, आपल्या गरजेप्रमाणे बदल करायला लेखकाने आधीच परवानगी दिलेली असते. आपण फक्त त्याचं नाव द्यायचं. हा शब्द २००२ साली युनेस्कोच्या बैठकीत रूढ झाला. अशा साहित्यावर बहुधा 'सीसी' अशी खूण असते. ती नसलेला व्हिडिओ फुकट पाहता येतो, पण छापून वाटता येईलच असं नाही.

केंद्र सरकारचं 'स्वयम्' २०१७ पासून सुरू आहे. तिथे शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क लागतं. प्रत्येक अभ्यासक्रमाला चार भाग असतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा. कुठलाही पाठ मोजायला हे चार भाग चांगलं माप आहे. नुसता व्हिडिओ असेल, तर आपल्याला समजलं की नाही हे कळणार कसं?

म्हणून पाठाचीही उगवण चाचणी करा. एकच पाठ मुलीला वाचू द्या. सुरुवातीला काय शिकायचं ते सांगितलंय का? मध्ये प्रश्न आणि शेवटी उत्तरं आहेत का? लिहिणाऱ्याचं नाव, संस्था आणि वर्ष आहे का? मग पुस्तक मिटून मुलीला तो पाठ आपल्या बोलीत आपल्यालाच समजावून सांगायला लावा. आपण शिकलेल्या नसलो तरी पोरगी सांगताना अडखळते की नाही, एवढं आपल्याला कळतंच.

आता आमच्या गटात शिक्षणाचं कर्ज मंजूर करण्याआधी पाच गोष्टी पाहतो. डेबच्या यादीतल्या त्या पानाची प्रत. पैसे विद्यापीठाच्याच खात्यात भरल्याची पावती. परीक्षा कुठे आणि कशी होणार याची लेखी माहिती. एका पाठाची चाचणी. आणि पाचवं, मुलीला रोज अभ्यासाला दोन तास मिळतील, असं घरच्यांनी बैठकीत सांगणं. हे पाचवंच सगळ्यांत अवघड जातं. पाठ कितीही चांगला असो, मोबाईल भावाच्या हातात आणि भांडी पोरीच्या हातात असतील, तर शिकणार कधी?

ज्या मुलीचं वर्ष गेलं, तिला गटाने यंदा पुन्हा कर्ज दिलं. या वेळी अर्ज तिने स्वतः भरला, आणि डेबच्या यादीतलं नाव गटातल्या सगळ्याजणींना मोबाईलवर दाखवलं.

तुमच्या गटात कोणी ऑनलाइन पदवीसाठी पैसे भरले असतील किंवा भरणार असेल, तर पुढच्या बैठकीत तिचे कागद सगळ्याजणी मिळून वाचा. वाचता न येणाऱ्या ताईंनाही सोबत बसवा, नेमका प्रश्न बऱ्याचदा त्याच विचारतात.